घरातील बंदूक आणि शस्त्र कायदा

सातारा जिल्ह्यातील पाटण व जावळी आणि सांगली जिल्ह्यातील शिराळा या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत रानडुकरे व गवे यांच्यापासून पीक राखणे हा शेतकऱ्यांचा नित्याचा प्रश्न आहे. यासाठी काही घरांत परवान्याची ठासणीची बंदूक असते. तर सुरक्षारक्षकाची नोकरी करणाऱ्या काही माजी सैनिकांकडेही परवान्याची बंदूक असते. परवानाधारक निवर्तला, की पुष्कळदा बंदूक घरातच राहते आणि ती वडिलांची असल्यामुळे आपलीच, असे समजून वारस निर्धास्त राहतात. ही समजूत त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू शकते.

परवाना व्यक्तीचा

१८७८ च्या ब्रिटिशकालीन कायद्याऐवजी शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ३ नुसार परवान्यावाचून अग्निशस्त्र बाळगता येत नाही. परवाना हा बंदुकीचा नसून व्यक्तीचा असतो. तो वारसाहक्काने आपोआप मिळत नाही. म्हणून धारकाच्या मृत्यूनंतर कलम २१ प्रमाणे बंदूक विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी आणि वारसाने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. अर्ज नामंजूर झाल्यास विहित मुदतीत अपील करता येते.

२०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीस दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. विशेष व पुरेशी कारणे नमूद करूनच न्यायालय ती किमान मर्यादेखाली आणू शकते. लग्नाच्या वरातीत हर्षभराने, इतरांचा जीव धोक्यात येईल असा बार काढणे हाही आता स्वतंत्र गुन्हा आहे. पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यप्राणी मारण्यास १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम लागू होतो.

आरोप आल्यास

आरोप म्हणजे अपराधसिद्धी नव्हे. कब्जा हा जाणीवपूर्वक असला पाहिजे, म्हणजे शस्त्राचे ज्ञान व त्यावर नियंत्रण असले पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात स्पष्ट केले. तथापि, एकत्र राहणाऱ्यांच्या घरात शस्त्र सापडल्यास, त्याची माहिती होती असे मानण्यास ज्यांच्याबाबत कारण आहे त्या प्रत्येकाला कलम ३५ जबाबदार धरू शकते; याविरुद्ध सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर येतो. कलम ३ च्या उल्लंघनाचा खटला भरण्यास कलम ३९ नुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी आवश्यक आहे. ती घेतली होती काय, बंदूक चालू स्थितीत असल्याचा तज्ज्ञांचा अहवाल आहे काय आणि जप्तीचा पंचनामा यथायोग्य झाला काय, हे मुद्दे बचावात महत्त्वाचे ठरतात. वकील देण्याची ऐपत नसलेल्यांस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत साहाय्य मागता येते.

पंच म्हणून बहुधा गावातीलच प्रतिष्ठित माणसे बोलाविली जातात. जे डोळ्यांनी पाहिले तेवढ्यावरच त्यांनी सही करावी. न वाचता केलेली सही निरपराध्यास गोवू शकते, तशीच अपराध्यास सोडवूही शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरणही करावयाचे आहे.

ग्रामपंचायतीचा वाटा

गावात झालेल्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते. त्या वेळी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने किंवा पोलीस पाटलाने "घरात परवान्याची बंदूक आहे काय?" एवढे विचारले आणि ती जमा करण्याचा सल्ला दिला, तरी शोकाकुल कुटुंबावरील मोठे संकट टळेल. बंदूक लपविणे किंवा पुरणे हा उपाय नव्हे. वेळीच घेतलेली जमा पावती हेच वारसाचे खरे संरक्षण होय.