स्वरही वाचता येतात



आपण पुस्तकातली अक्षरे वाचतो. तसेच गाण्याचे स्वरही लिहिता-वाचता येतात. त्या लिहिण्याला स्वरलिपी म्हणतात. माझी धाकटी बहीण पहिलीत आहे. मी तिला आबांच्या पेटीवर स्वर वाचायला शिकवतो. कसे, ते सांगतो.

१) पट्ट्या ओळखणे : पेटीच्या काळ्या पट्ट्या नीट बघा. आधी दोन, मग तीन, पुन्हा दोन, पुन्हा तीन अशा त्या बसलेल्या असतात. दोन काळ्यांच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हंजे पांढरी एक. तिला सा धरला की पुढच्या पांढऱ्या पट्ट्या ओळीने रे, ग, म, प, ध, नी. हे ७ शुद्ध स्वर. मधल्या ५ काळ्यांवर कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध आणि कोमल नी. एकूण १२ स्वर झाले.

२) खुणा : अक्षराला काना-वेलांटी असते, तशा स्वरालाही खुणा असतात. खाली आडवी रेघ असली की स्वर कोमल. म च्या डोक्यावर उभी रेघ असली की तीव्र. डोक्यावर टिंब असले की वरच्या सप्तकातला स्वर, खाली टिंब असले की खालच्या सप्तकातला.

३) मात्रा : प्रत्येक मात्रेला एक टाळी. स्वरापुढे आडवी रेघ आली की आधीचाच स्वर आणखी एक टाळी लांबवायचा.

सा रे ग – । ग रे सा –

मोजा बरं! आठ मात्रा भरल्या. आधी टाळी देत तोंडाने म्हणायचे, मगच पट्टीवर बोट ठेवायचे.

लहान पोरांना एकदम सात स्वर देऊ नयेत. सा, रे, ग हे तीनच द्यावेत. ते पक्के झाले की प आणि ध द्यावेत. या पाच स्वरांत भूप राग वाजतो. लहान पोरं लई हुशार असतात. एकदा ऐकले की पाठ करतात आणि कागदाकडे नुसते बघत राहतात. म्हणून मी रोज नवी ओळ लिहितो आणि ती आधी वाजवून दाखवत नाही. पाठ म्हणणे वेगळे आणि वाचणे वेगळे.

पियानोलाही अशाच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, पण एकूण ८८. त्याची लिपी पाच आडव्या रेघांची असते. स्वर उंच झाला की खूणही वर चढते.

मी सांगितलेल्या खुणा पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीतल्या आहेत. ते वकील होते. त्यांनी ठिकठिकाणी फिरून गवयांकडच्या चिजा मिळवल्या व क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत स्वरांसह छापल्या. म्हणून त्या चिजा आजही शिकता येतात.

आमचे आबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. जुन्या चाली त्यांना तोंडपाठ आहेत, पण कागदावर एकही नव्हती. आबा म्हणाले, "कशाला लिवतोस? डोक्यात हाय की समदं." मी म्हटलं, "आबा, तुमच्या डोक्यातलं आम्ही कसं वाचणार?" मग ते हसले आणि सावकाश वाजवू लागले. आतापर्यंत दोन चाली वहीत उतरल्या आहेत.

पालकांनो, तुमच्या घरातही जात्यावरच्या ओव्यांची किंवा भजनाची जुनी चाल कोणाला तरी येत असेल. ते माणूस आहे तोवर चाल लिहून घेऊ या. वही आमची, चाल तुमची!

– इयत्ता ४ थी