जुन्या व्हॅनचा दरवाजा

मुलांनो, मारुती ओम्नी ही व्हॅन तुम्ही पाहिली असेल. तिचे उत्पादन २०१९ साली बंद झाले. तरी मुलांना शाळेत नेणाऱ्या जुन्या ओम्नी रस्त्यावर अजून दिसतात. अशा गाडीचा सरकता दरवाजा चेपला, तर मालक जुना दरवाजा शोधायला भंगार बाजारात जातो. मुंबईत कुर्ल्याला असा बाजार आहे.

तुम्ही सोबत गेलात, तर काय पाहाल? डावा दरवाजा उजव्या बाजूला बसत नाही. म्हणून मोडका दरवाजा नमुना म्हणून जवळ ठेवा आणि काच, कुलूप व रोलर त्याच्याशी जुळवा. चकचकीत रंगाला भुलू नका! रंगाखाली पुट्टी भरलेली असू शकते. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जाड पुट्टी असेल तिथे तो नीट चिकटत नाही. खालची कड आतून पाहा. पाणी तिथेच साचते आणि गंज चढतो. (उर्दूत 'गंज' म्हणजे खजिना; मराठीत 'गंज' म्हणजे तुमचा 'जंग'. दुकानदाराशी बोलताना घोटाळा नको!)

माल चोरीचा नसावा, म्हणून पावती मागा.

रंग देण्याआधी दरवाजा गाडीला बसवून पाहा. तो दहा वेळा उघडा, लावा. कुलूप प्रत्येक वेळी पक्के लागले पाहिजे. धावत्या गाडीत दरवाजा सरकला, तर आतले मूल बाहेर पडेल. दरवाजा अडत असेल, तर स्वस्त असला तरी परत करा. नीट बसला, की मग रंगाऱ्याकडे न्या.