शालेय विद्यार्थ्यांचा ताणतणाव आणि बेंगळुरूचा जीवनकौशल्य उपक्रम

माध्यमिक शाळेतील मुलांना ताण असतो, हे आता कोणी नाकारत नाही. मतभेद आहेत ते उपायांविषयी. ‘ताण घेऊ नकोस’ हा घरोघरी मिळणारा सल्ला फारसा उपयोगी पडत नाही. ताण कोणी हौसेने घेत नसतो. एनसीईआरटीने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात सुमारे ३.८ लाख विद्यार्थ्यांचा समावेश होता. त्यांपैकी ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल ही चिंतेची कारणे सांगितली. त्याच वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे; राज्यांमध्ये महाराष्ट्राची संख्या सर्वाधिक होती. त्या प्रत्येक घटनेमागे परीक्षाच होती, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही.

मानसशास्त्रज्ञ लॅझारस व फोकमन यांनी १९८४ मध्ये ताणाला सामोरे जाण्याचे दोन प्रकार सांगितले. पहिल्यात मूळ अडचणीवर उपाय केला जातो, दुसऱ्यात तिच्यामुळे उद्भवणाऱ्या भावनेला आवर घातला जातो. भूमिती समजत नसेल तर शिक्षकांना विचारणे, प्रकरणाचे लहान भाग पाडणे, हा पहिला मार्ग. पेपर देऊन झाल्यावर निकालाची वाट पाहताना हा मार्ग निरुपयोगी असतो. तेथे मैदानावर खेळणे, संथ श्वसन, विश्वासातील व्यक्तीशी बोलणे यांचा आधार घ्यावा लागतो. कोणत्या वेळी कोणता मार्ग निवडावा, हे ओळखणे हेच खरे कौशल्य; आणि कौशल्य म्हटले की ते शिकवता आले पाहिजे.

या विचारावर बेंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने, म्हणजेच ‘निम्हान्स’ने, शाळांसाठी जीवनकौशल्य शिक्षणाचा उपक्रम विकसित केला. म्हैसूर राज्याचे मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून १९७४ मध्ये निम्हान्सची स्थापना झाली. या उपक्रमाचे वैशिष्ट्य असे की, तो राबविण्याचे काम मनोविकारतज्ज्ञांकडे नसून प्रशिक्षित शिक्षकांकडे असते. व्याख्यानाऐवजी गटचर्चा व कृती यांवर भर असतो. आत्मभान, निर्णयक्षमता, समस्यानिवारण, भावनांचे व ताणाचे नियोजन अशा जागतिक आरोग्य संघटनेने मांडलेल्या दहा कौशल्यांचा त्याला आधार आहे.

श्रीकला भरत व के. व्ही. किशोर कुमार यांनी २०१० मध्ये या उपक्रमाचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. उपक्रमातील ६०५ विद्यार्थ्यांची तुलना वर्षअखेरीस उपक्रमाबाहेरील ४२३ विद्यार्थ्यांशी करण्यात आली. उपक्रमातील मुलांचा आत्मसन्मान, ताणाला तोंड देण्याची क्षमता, शाळेशी व शिक्षकांशी असलेले समायोजन अधिक चांगले आढळले. घरातील व समवयस्कांशी असलेले समायोजन आणि मानसिक विकारांची लक्षणे यांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच मोलाचा आहे. वर्गातील तासाने घरातील अपेक्षांचे ओझे उतरत नाही, आणि आजाराला उपचारच लागतात.

दैनंदिन सवयींचे महत्त्वही कमी नाही. १३ ते १८ वयोगटाला ८ ते १० तासांची झोप आवश्यक मानली जाते. जागतिक आरोग्य संघटना शालेय वयातील मुलांना रोज सरासरी ६० मिनिटांच्या शारीरिक हालचालीची शिफारस करते. दहावीच्या वर्षात मात्र सर्वप्रथम गदा येते ती याच दोन गोष्टींवर. (खेळाचा तास गणिताला देणाऱ्या शाळा कोणी पाहिल्या नाहीत?)

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक वा तत्सम तज्ज्ञ नेमावा, असा निर्देश दिला. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी संपर्कव्यवस्था ठेवावयाची आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचे शिखर केंद्र निम्हान्सच आहे. झोप उडाली, जेवण तुटले, जगणे नकोसे वाटू लागले, तर निकालापर्यंत थांबू नये. १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, बोलता येते.