शेवटची सायकल मोठ्याची

सूनबाई, जुळे सोलापुरातली पोरं मिळून सायकलवर शाळेत न्यायचं मनावर घेतलंस, फार चांगलं केलंस. आमचे वडील लक्ष्मी-विष्णू मिलला सायकलनं जायचे. पाळीला चौघा-पाचांनी बरोबर निघायचं आणि जाणत्यानं शेवटी राहायचं, ही त्यांची रीत. तीच तू धर. पुढं एक मोठं माणूस, त्याच्या लगेच मागं सगळ्यात लहान पोर आणि शेवटची सायकल पुन्हा मोठ्याची. धाकटं मागं पडलं की पुढच्यांना गाठायच्या नादात त्याचं रस्त्याकडं लक्ष राहत नाही. रांग एकच ठेवायची. गप्पा शाळेच्या फाटकात.

वाट आधी तू स्वतः शाळेच्याच वेळेला सायकलवर फिरून बघ. जवळची शोधू नकोस, मोठा रस्ता कमी वेळा ओलांडावा लागेल अशी शोध. चार गल्ल्या जास्त पडल्या तरी पडू देत. सात रस्त्यासारख्या चौकात चालवत जायचंच नाही. सगळ्यांनी उतरायचं, एकत्र थांबायचं आणि सायकली हातात धरून पलीकडं जायचं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाकडं गर्दी असते, तेव्हा ती वाट सोडून द्यायची.

होटगी रस्त्याला मात्र फार जपायचं. उसाचं गाळप सुरू झालं की एकेका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या असतात. वळणावर पहिली ट्रॉली गेली की पोरांना वाटतं, झालं. पण मागची आतल्या अंगानं कापत येते. ट्रॅक्टर वळताना दिसला की उतरून कडेला उभं राहायचं. आणि चालत्या ट्रॉलीतला ऊस ओढायचा नाही, हे रोज निघताना सांग. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात उसाचा शेंडा. मोळी घट्ट असली की ऊस सुटत नाही आणि पोरगं सायकलसकट चाकाकडं ओढलं जातं. याला माफी नाही. ओढताना दिसलं तर दुसऱ्या दिवसापासून त्याची सायकल घरी.

सायकल वाढत्या अंगाची घेऊ नका. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. दप्तर हँडलला अडकवलं तर वळताना चाक ओढतं. कॅरियरवर ठेवून जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळा. पोरींच्या ओढण्या गाठ मारून, चेनपासून लांब. आदल्या संध्याकाळी ब्रेक दाबून बघायचे आणि टायर बोटांनी चाचपायचे. वेड्या बाभळीचा काटा वेळीच निघाला तर पंक्चर वाचतं.

एकदम रोजचं करू नकोस. तिकडं स्पेनमध्ये, बार्सिलोनात, २०२१ पासून आईबाप पोरांना घोळक्यानं सायकलवर शाळेत नेतात, ते शुक्रवार धरून. आपल्याला शनिवार बरा. सकाळची शाळा असते, रस्ता मोकळा असतो, ऊन नसतं. तो अंगवळणी पडला की दुसरा वार घे. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सुटायच्या वेळी टोपी नि पाण्याची बाटली बघूनच निघायचं. ज्याला झेपत नाही त्याला रिक्षानं येऊ दे, त्यात कमीपणा कसला?

पाळ्या लावून घे. ज्या घरचं मोठं माणूस येणार नसेल त्यानं आदल्या रात्रीच कळवायचं. दोन मोठी माणसं नसतील तर त्या दिवशी सायकली काढायच्या नाहीत, पोरं कितीही रुसली तरी.