डॅट फाइल घेऊन येणाऱ्यांसाठी

‘‘दादा, ही फाइल उघडेना. जरा नाव बदलून पीडीएफ करून द्या ना.’’ डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणाऱ्या कुणालाही हे वाक्य पाठ असतं. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह पुढे करतं, त्यात एकच फाइल, नावाच्या शेवटी ‘डॅट’. नाव बदलायचा प्रयोग बहुतेकांचा घरी करून झालेला असतो. दुकानावरची पाटी बदलली म्हणून आतला माल बदलत नाही, हे मी सांगतो, त्यांना पटतंही. पण काम अडलं की माणूस पाटीच रंगवत बसतो.

डॅटचा घोळ असा, की हे एक्स्टेन्शन कुणा एकाच्या मालकीचं नाही. ज्याला आपल्या प्रोग्रॅमची माहिती कुठेतरी ठेवायची असते, तो बिनदिक्कत डॅट लावून मोकळा होतो. माझ्या टेबलावर त्यातल्या दोन तऱ्हा वारंवार येतात. पहिली ‘विनमेल डॅट’. समोरच्याने आउटलुकमधून ‘रिच टेक्स्ट’ प्रकारात मेल पाठवली, की मजकुराची मांडणी आणि जोडलेली कागदपत्रं एकाच फाइलीत कोंबली जातात. ती कशी उलगडायची हे आउटलुकला ठाऊक असतं, इतरांना बऱ्याचदा नसतं. मग नेमणुकीचं पत्र हवं असलेल्या पोराच्या हाती पत्राऐवजी ही फाइल पडते. उपाय साधा आहे: पाठवणाऱ्याला उलट मेल करायची, ‘कृपया एचटीएमएल किंवा प्लेन टेक्स्ट प्रकारात पुन्हा पाठवा.’ पोरं कचरतात, साहेबांना कसं सांगायचं म्हणून. सांगावं. त्यांना बहुधा पत्ताही नसतो की आपल्या मेलचं असं होतंय.

दुसरी तऱ्हा लग्नाच्या जुन्या व्हीसीडीची. तबकडीतल्या ‘एमपेगएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘एव्हीसेक०१ डॅट’ असते आणि तीच सगळी फिल्म असते, अक्षतांपासून पाठवणीपर्यंत. व्हीएलसी प्लेअरमध्ये ओढून टाकली की बहुतेकदा चालू होते. एक काकू ती ‘व्हायरसची फाइल’ समजून डिलीट करायला निघाल्या होत्या, थोडक्यात वाचली.

खरं नुकसान फाइल न उघडल्याने होत नाही, ती उघडायच्या घाईने होतं. आमच्याकडे नेहमी येणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्या नातवाने ‘डॅट ओपनर’ असं शोधलं आणि पहिलं हिरवं बटण दाबलं. जे उतरलं, त्याने डॅट तर उघडली नाहीच. ब्राउझरचं पहिलं पान बदललं, जाहिराती उसळायला लागल्या आणि ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे, पैसे भरा’ अशी पाटी हटेना. गुरुजींची फाइल साधी विनमेल निघाली. लॅपटॉप मात्र पुसून पुन्हा विंडोज टाकावं लागलं, आणि पेन्शनच्या कागदांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. हव्या त्या फाइलीचं नाव घेऊन तिच्यापुढे ‘ओपनर’ जोडणारी असली सॉफ्टवेअरं अडलेल्या माणसासाठीच मांडून ठेवलेली असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

त्याऐवजी फाइलीच्या आत काय आहे ते बघून घ्यावं, आणि बघायला नोटपॅड पुरतं. आधी प्रत काढायची, मग नोटपॅड उघडून त्यातून ती फाइल उघडायची. डबल क्लिक करायचं नाही. नोटपॅड फाइल चालवत नाही, फक्त अक्षरं दाखवतं. बहुतेक सगळा कचराच दिसेल, त्याने घाबरू नका. नजर पहिल्या ओळीवर ठेवा. टक्क्याच्या चिन्हापुढे ‘पीडीएफ’ ही इंग्रजी अक्षरं दिसली तर ती पीडीएफच, नाव काहीही असो. ‘पी’ आणि ‘के’ ही जोडी झिपची. झिप शोधणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. ‘एम’ आणि ‘झेड’ दिसलं तर हात मागे घ्या, तो विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम आहे. व्हीसीडीच्या डॅटमध्ये ‘रिफ’ आणि जरा पुढे ‘सीडीएक्सए’ सापडतं, विनमेलमध्ये बरेचदा ‘आयपीएम डॉट मायक्रोसॉफ्ट मेल’ वाचता येतं. पाहून झालं की बंद करा आणि ‘सेव्ह करायचं का’ विचारलं तर ठाम नाही म्हणा. नोटपॅडने सेव्ह केलेली अशी फाइल पुन्हा धड होत नाही, म्हणून तर आधी प्रत.

‘पीके’ दिसल्यावर अजून थोडं खाली वाचावं लागतं, कारण वर्डची डॉकएक्स, एक्सेलची एक्सएलएसएक्स आणि अँड्रॉइडची एपीके ही तिन्ही आतून झिपच असतात. कचऱ्यात कुठे ‘वर्ड’ आणि ‘डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल’ दिसलं तर कागद आहे. ‘अँड्रॉइड मॅनिफेस्ट’ किंवा ‘क्लासेस डॉट डेक्स’ दिसलं तर ते मोबाइलमध्ये बसणारं अ‍ॅप आहे, वर गणपतीचं चित्र असलं तरी.

विंडोजची एक खोड यात भर घालते. ओळखीची एक्स्टेन्शन्स ते मुळात लपवून ठेवतं. त्यामुळे ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल पडद्यावर ‘बिल डॉट पीडीएफ’ अशी सोज्ज्वळ दिसते. मे २००० मध्ये जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ व्हायरस याच आडोशाने आला होता: नावात टेक्स्ट, मागे लपलेलं व्हीबीएस. इतक्या वर्षांत ही सोय बदललेली नाही, मला तर तो हट्टच वाटतो. विंडोज ११ मध्ये फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो’ आणि त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. दुकानात येणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपवर मी ते न विचारता करून देतो. त्यावरही एक तोड आहे: उर्दू, अरबीसारख्या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी युनिकोडमध्ये एक अदृश्य खूण असते, ती नावात घुसवली की शेवटची अक्षरं उलटी दिसतात आणि प्रोग्रॅमच्या नावाचा शेवट ‘जेपीजी’ वाटतो. म्हणून नावाशेजारचा ‘टाइप’चा रकानाही बघावा. तिथे ‘अ‍ॅप्लिकेशन’ किंवा ‘स्क्रीन सेव्हर’ लिहिलेला फोटो नसतो.

फाइल तपासायला व्हायरसटोटलसारखी साइट चांगली आहे, पण तिथे टाकलेली फाइल इतर अभ्यासकांनाही मिळू शकते. आधार, सातबारा, बँकेचं स्टेटमेंट तिथे चढवू नका.

हल्ली सगळ्यात जास्त भीती वाटते ती व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या पत्रिकेची. नाव ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘आरटीओ चलन’, शेवटी एपीके, आणि पाठवणारा ओळखीचाच, कारण त्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. ती टिचकीसरशी उघडत नाही. फोन आधी ‘अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप बसवू का’ असं विचारतो. पत्रिकेला असली परवानगी लागत नाही. अशा वेळी पाठवणाऱ्याला साधा फोन लावावा, मेसेज नको. मेसेजला उत्तर भामटाच देईल.

आणि बसवलं गेलंच असेल, तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफाय बंद झालं का तेही बघा. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेटबँकिंग आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर त्याच फोनवरून १९३० लावा, उद्यावर ढकलू नका. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी अडवता आली तर येते. एसएमएस वाचायची परवानगी घेतलेलं अ‍ॅप ओटीपीही वाचतं, म्हणून ते काढून टाकल्याशिवाय त्या फोनवर पासवर्ड बदलायला बसू नका. काढायला गेलात आणि ‘अनइन्स्टॉल’चं बटणच चालत नसेल, तर त्याने ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’चा हक्क घेतलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन तो आधी काढा, तरीही जमलं नाही तर फोन फॅक्टरी रीसेट करा.