आत्ययिक औषधांच्या मार्गदर्शिकांची परीक्षा

चरकसंहितेच्या तिस्रैषणीय अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. रज व तम यांपासून मुक्त असलेल्याचेच वचन आप्तवचन, ही तेथील अट. आत्ययिक औषधांसंबंधीच्या मार्गदर्शिका वाचतानाही हीच दृष्टी ठेवावयास हवी. पाथरीसारख्या तालुक्यात विंचूदंशाचा रुग्ण रात्री प्रथम जवळच्या वैद्याकडेच आणला जातो. तेव्हा ग्रंथ चाळण्यास अवधी नसतो. म्हणून परीक्षा आधीच करून ठेवावी.

या परीक्षेसाठी 'अ‍ॅग्री-२' (२०१०) हे साधन सर्वमान्य आहे. त्यात सहा विभाग व २३ मुद्दे आहेत: व्याप्ती (३), संबंधितांचा सहभाग (३), रचनेतील काटेकोरपणा (८), स्पष्टता (३), उपयोज्यता (४) व संपादकीय स्वातंत्र्य (२). किमान दोन परीक्षकांनी प्रत्येक मुद्द्यास १ ते ७ गुण द्यावयाचे असतात. उदाहरणार्थ, काटेकोरपणाच्या विभागात दोघांचे कमाल गुण ११२ व किमान १६ होतात. मिळालेले गुण ६४ असल्यास (६४−१६) ÷ (११२−१६), म्हणजे ५० टक्के. सहा विभागांची बेरीज मात्र करू नये; एकातील उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

आता विंचूदंशाचे उदाहरण घेऊ. महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तीव्र विंचूदंशात प्राझोसिनचा उपयोग प्रस्थापित केला. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी ७० रुग्णांवरील तुलना प्रसिद्ध केली. प्राझोसिनसह प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. विभागणी यादृच्छिक असल्याने पुरावा वजनदार आहे. तथापि केंद्र एकच, रुग्ण थोडे आणि कोणास काय दिले हे चिकित्सकास ज्ञात होते. उत्तम मार्गदर्शिका हे बल व ही मर्यादा दोन्ही नमूद करते.

स्पष्टतेची कसोटी औषधविक्रेत्यांच्याही कामाची आहे. प्राझोसिनच्या साध्या व दीर्घकाळ हळूहळू विरघळणाऱ्या अशा दोन प्रकारच्या गोळ्या मिळतात. आत्ययिक प्रसंगी त्वरित परिणाम हवा असतो. म्हणून कोणती गोळी, हे न सांगणारी मार्गदर्शिका अपुरीच होय. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब घसरू शकतो, याची सूचनाही तीत हवी.

संपादकीय स्वातंत्र्याचा धडा जंतुदोषाच्या क्षेत्रातील आहे. ड्रोट्रेकोजिन अल्फा हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले व २००४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत शिफारसपात्र ठरले. त्या मोहिमेस उत्पादक कंपनीचेच अर्थसाहाय्य होते. २०११ मध्ये नव्या चाचणीत लाभ न दिसल्याने ते बाजारातून मागे घेण्यात आले.

सारांश, मार्गदर्शिका हाती येताच वर्ष, पुरावा, अर्थसाहाय्य, औषधाचा नेमका प्रकार व आपल्या गावातील उपलब्धता हे पाच प्रश्न विचारावेत. परीक्षेत उत्तीर्ण झालेली मार्गदर्शिकाही आपल्या अधिकारकक्षेची मर्यादा ओलांडण्याची अनुज्ञा देत नाही. रुग्णास वेळीच मोठ्या रुग्णालयात पाठविणे, हीदेखील युक्तीच होय.