मुलांच्या हाती लेखणी देताना

मुलांना कविता करायला शिकवता येते काय, असा प्रश्न अनेक कार्यकर्ते विचारतात. कविता ही उपजत देणगी आहे, ती शिकवून येत नाही, असे मानणारेही पुष्कळ आहेत. प्रत्येक मूल कवी होईल असे कोणीच म्हणणार नाही. परंतु आपण पाहिलेले, सोसलेले, ऐकलेले आपल्या शब्दांत मांडणे प्रत्येक मुलाला शिकवता येते. रविवारच्या वर्गातील अनुभवावरून व थोड्याशा वाचनावरून या विषयी काही विचार येथे मांडत आहे. वस्ती-वस्तीत मुलांचे वर्ग चालविणाऱ्या बंधु-भगिनींना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

एका विद्यार्थिनीचा निबंध

आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे. जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली व पुढे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. १८५४ साली सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. शिकविणारी बाई स्वतः कविता लिहीत होती, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यानंतर वर्षभरातच त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये १८५५ च्या फेब्रुवारी व मार्चच्या अंकांत दोन भागांत छापून आला.

हा निबंध इतिहासाचा दस्तऐवज म्हणून आपण वाचतो. एकदा तो लेखनाचा धडा म्हणूनही वाचावा. ‘आमच्यावर अन्याय होतो’ एवढेच लिहून ही मुलगी थांबत नाही. ती दृश्य दाखवते. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नाही, वर पाऊस आणि थंडी आहे, हे ती समोर उभे करते. पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्याचे काय होई, ते सांगते. वेद जर इतरांचेच आहेत तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा रोकडा प्रश्न विचारते. शाळेत जाऊन तिला फार वर्षे झालेली नव्हती. मग हे बळ कोठून आले? आपल्या घरचे दुःख लिहिण्याच्या योग्यतेचे आहे, असा विश्वास तिला शाळेने दिला. लेखन शिकविण्यातील पहिली पायरी हीच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींतही हेच दिसते. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावी निघालेली मुले, त्यांचे नवे कपडे, मसूर स्टेशन, जात कळताच बदललेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडे देऊनही मुलांनाच हाकावी लागलेली बैलगाडी आणि जवळ अन्न असून न मिळालेले पाणी. ते तपशील सांगत जातात आणि वाचकाला जे कळायचे ते कळते.

माझी एक चूक

वर्ग सुरू केला तेव्हा हे मला उमगलेले नव्हते. सातवीतील एका मुलाने चार ओळी लिहून आणल्या होत्या. त्यात ‘बाप कामावून येतो तवा घर गप व्हतं’ अशी एक ओळ होती. मी लाल शाई घेतली. ‘तवा’चे ‘तेव्हा’ केले, ‘व्हतं’चे ‘होते’ केले आणि ‘बाप’ खोडून ‘वडील’ लिहिले. वही परत देताना आपण फार चांगले काम केले असे मला वाटले. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या घरी गेलो तेव्हा खाली मान घालून म्हणाला, “सर, मला नाही लिहिता येत.”

त्याला लिहिता येत होते. वाचायचे कसे, ते मला येत नव्हते. थकलेला बाप घरात येताच सारे घर गप्प होते, हे त्या मुलाने एका ओळीत सांगितले होते. मी तिच्यातील शुद्धलेखन तेवढे पाहिले. तो मुलगा पुन्हा वर्गाला आला नाही. आपल्या मुलांना घरची भाषा अशुद्ध आहे असे पुष्कळ ठिकाणी ऐकावे लागते. ते आपल्या वर्गातही ऐकावे लागले तर त्यांनी जावे कोठे?

परीक्षेसाठी प्रमाण भाषा आलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. तिचा तास वेगळा ठेवावा. मुलाने मनातले लिहून आणले की आधी त्यातील कोणती ओळ आपल्याला आवडली ते सांगावे, मग काय कळले नाही ते विचारावे. ऱ्हस्व-दीर्घाकडे शेवटी वळावे आणि मुलाचा शब्द त्याला विचारल्याशिवाय बदलू नये.

वर्गात करून पाहण्यासारखे तीन पाठ

१. पाहिलेले लिहिणे. ‘माझी आई’ हा विषय दिला की मुले गाईडमधला निबंध उतरवतात. साऱ्या वर्गाची आई मग एकसारखीच प्रेमळ व कष्टाळू होते. त्याऐवजी ‘आईचे हात’ हा विषय द्यावा. हातावर काय दिसते? त्यांना वास कशाचा येतो? ते सकाळपासून काय काय करतात? आमच्या वर्गातील एका मुलीने लिहिले की, आईच्या हाताला भांड्यांच्या पावडरीचा वास येतो आणि तो भाकरीलाही लागतो. असे वाक्य कोणत्याही गाईडमध्ये मिळणार नाही.

२. सर्वांची मिळून कविता. केनेथ कोक या अमेरिकन कवीने १९६८ पासून न्यूयॉर्कच्या एका प्राथमिक शाळेत मुलांना कविता शिकविली व १९७० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याची युक्ती सोपी होती. ‘मला वाटते की...’ अशा इच्छेने सुरू होणारी एकेक ओळ प्रत्येक मुलाने द्यायची आणि साऱ्या ओळी जोडून वर्गाची एक कविता करायची. यमकाची सक्ती तो करीत नसे, कारण यमक जुळविण्याच्या नादात मुले मनातले सोडून भलतेच लिहितात. ‘मला आठवते...’, ‘मला भीती वाटते...’ अशा सुरुवाती आपणही देऊ शकतो. एकच ओळ द्यायची असल्याने लाजरे मूलही बोलते.

३. अक्षरे मोजणे. आपल्या मुलांच्या कानांवर पाळणे, ओव्या, भीमगीते लहानपणापासून पडलेली असतात, म्हणून ताल त्यांना उपजतच असतो असे म्हटले तरी चालेल. मोठ्या अभंगाचा साचा त्यांना द्यावा. चार चरण, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक. मुले बोटांवर अक्षरे मोजत बसतात आणि खेळता खेळता शब्द निवडायला शिकतात. पाणीटंचाईच्या दिवसांत आमच्या मुलांनी मिळून केलेला हा नमुना पाहा :

पहाटेचा नळ
हंड्यांची ही रांग
पाणी, मला सांग
येशील ना?

एका मुलाला ‘येशील का’ हवे होते. ‘का’ आणि ‘ना’ यांत फरक काय, यावर अर्धा तास चर्चा झाली. ‘ना’मध्ये आशा आहे, असे एका लहान मुलीने सांगितले आणि तेच ठरले. व्याकरणाचा याहून चांगला तास मी घेतलेला नाही.

शेवटची विनंती

या कामाला खर्च फार नाही. वह्या, पेन्सिली, आठवड्यातून दीड तास आणि ऐकून घेणारा एक मोठा माणूस एवढे पुरे. वर्षातून एकदा मुलांच्या लेखनाचे हस्तलिखित काढावे व त्यांच्या आई-वडिलांसमोर ते मुलांकडूनच वाचून घ्यावे. ज्यांना वाचता येत नाही अशा आजीलाही नातीच्या तोंडून स्वतःचीच गोष्ट ऐकू येते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसते ते एकदा पाहावे.

यातील किती मुले लेखक होतील हे आज सांगता येणार नाही. पण ज्या मुलाला आपले म्हणणे नीट मांडता येते, त्याला पुढे अर्ज लिहिताना, मुलाखत देताना वा अन्यायाविरुद्ध तक्रार करताना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. मुक्ताच्या हाती कोणीतरी लेखणी दिली, म्हणून आज आपण तिचे नाव घेतो. आपल्या वर्गात मागे बसलेल्या मुलाची वही आपण या रविवारी उघडावी आणि लाल पेन खिशातच ठेवावे.